राव सारांची वॉरंटी

व्यासराज राव वाईट माणूस आहे असं आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी म्हणत नाही. वेस्ट मांबलमला आमच्या बिल्डिंगीत तर त्याला देवमाणूस म्हणतात. मी दोन्हीकडे असते. दिवसभर वर्कशॉपच्या रिसेप्शनला बसते आणि संध्याकाळी त्याच्याच डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, राहते. तेव्हा देवमाणूस कसा असतो ते मला कुणी शिकवायला नको.

मी शशिकला. इचलकरंजीची. नवऱ्याच्या नोकरीपायी चेन्नईला आले आणि भाजीवालीशी भांडून भांडून तमिळ शिकले. नव्या घरात सामान लावत होते तेव्हा खालून एक गृहस्थ वर आले. कपाळावर कोळशाची बारीक उभी रेघ, तिच्या बुडाला लाल टिकली. "नवे आलांत कां? पाणी पाहिजे तर लाजूं नका, मागून घ्या," असं म्हणाले. मराठी! तंजावरकडच्या लोकांची असते तशी, शब्द माझ्या पणजीच्या तोंडचे आणि चाल अख्खी तमिळ. मला तिथल्या तिथे रडू आलं. पुढे वर्कशॉपमधली नोकरीही त्यानेच सुचवली. त्याचे उपकार मी नाकारत नाही. समोर मी त्याला राव सारच म्हणते, सार म्हणजे इकडचं सर. इथे नाही म्हणणार.

त्याचं काम काय ते सांगते. आमची शोरूम परदेशी गाड्यांची. कंपनीचं नाव घेत नाही, मला वकील परवडत नाही. गाडी वॉरंटीत असताना काही मोडलं तर नवा भाग कंपनीने फुकट द्यायचा. पण देण्याआधी कंपनी विचारणार, चूक आमची कशावरून? ते ठरवायला राव. हात मागे बांधून तो गाडीभोवती फिरतो, बोनेट उघडायला लावतो, वाकून बघतो आणि गिऱ्हाइकाला अगदी हळू आवाजात 'नाही' म्हणतो. ओरडणारा माणूस परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. रावचा चेहरा त्या वेळी असा असतो, की गिऱ्हाइकालाच वाटावं आपण याला उगीच त्रास दिला. हुंदके देणाऱ्या बाया पाहिल्यात मी, डोळे पुसणारे पुरुष पाहिलेत. त्यांना पाणी देणं माझ्याकडे. पाणी देऊन मी जाग्यावर आले की राव येऊन म्हणणार, "पावम्, चांगले लोक." पावम् म्हणजे बिचारे. आणि चेहऱ्यावर जेवण मनासारखं झाल्याचं समाधान.

'बाहेरचा हात लागला' हा त्याचा आवडता शेरा. म्हणजे आमचं वर्कशॉप सोडून दुसऱ्या कुणी गाडीचा स्क्रू जरी फिरवला असेल, तर गाडी बाटली. वॉरंटीचं पुस्तक मी वाचलंय. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर कंपनी जबाबदार नाही, एवढंच त्यात आहे. बाहेर नुसतं तेल बदललं म्हणून सगळीच वॉरंटी गेली असं त्यात कुठेही नाही. पण हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही असा आमच्याकडचा शिरस्ता. घाबरलेलं गिऱ्हाईक इकडेतिकडे जात नाही.

घरातही त्याचं हेच. त्याची बायको कनका, मी तिला कनकाक्का म्हणते. इडलीचं पीठ वाटायचा तिचा ग्राइंडर वॉरंटीत असतानाच एकदा आवाज करायला लागला. तिने कोपऱ्यावरच्या माणसाला बोलावून पट्टा घट्ट करून घेतला. ग्राइंडर छान फिरला. संध्याकाळी रावने पाठीमागचा स्क्रू पाहिला, त्यावरचा रंग उडाला होता. बाहेरचा हात लागला. त्याने काय करावं? ग्राइंडरची वायर गुंडाळून तो माळ्यावर ठेवून दिला, आणि गच्चीवर पडलेला दगडी आट्टुकल्लू, म्हणजे हाताने वाटायचा जुना दगड, खाली आणवला. वॉरंटीची मुदत संपेपर्यंत कनकाक्का त्या दगडावर वाटत होती. तिचा उजवा खांदा तेव्हापासून वर जात नाही. साडीचा पदर ती डाव्या हाताने घेते. मी त्याला विचारलं, सार, हे काय? तर म्हणाला, शिस्त घरापासून. आणि बिल्डिंगीतल्या बायका मला सांगतात, किती साधा माणूस, अजून दगडावरचं पीठ खातो.

आता विजयेंद्र. कनकाक्काचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा कुंभकोणमहून हिच्याकडेच आला, हिच्याच हातचं जेवून वाढला. रावने त्याला कामाला लावलं. राव तेव्हा स्वतः मेकॅनिक होता, हाताला ग्रीस लागणारा. ही माणसं माध्व वैष्णव. रोज पूजा झाली की कपाळावर ती कोळशाची रेघ आणि लाल टिकली लावायची, त्याला अंगार-अक्षता म्हणतात, किंवा नुसतं नाम. रावने मेहुण्याला शिकवलं की इंजिनाचं काम पुरं झालं की इंजिनालाही अंगार-अक्षता लावायची, काम देवाला पावतं. परदेशी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आल्यावर साहेबांनी ते बंद करायला लावलं. रावने मुकाट बंद केलं. विजयेंद्रनेही केलं, पण त्याच्या मनाला ते लागलं होतं. त्याने पुढे नोकरी सोडली आणि अशोक नगरच्या मागच्या गल्लीत स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हा पहिल्याच गाडीच्या इंजिनावर रेघ ओढली आणि टिकली लावली.

गॅरेज म्हणजे काय, एक शेड आणि पाठीमागे दोन खोल्या. तिथे तो, त्याची बायको, शाळेत जाणारी मुलगी. पण ज्यांच्या गाड्यांची वॉरंटी संपली होती ते लोक आमच्या शोरूमचे दर ऐकून गुपचूप त्याच्याकडे जायला लागले. जाऊ देत की! कायद्याने जायला मोकळे होते. विजयेंद्रही सरळ माणूस. वॉरंटीतली गाडी आली तर परत पाठवायचा, शोरूमलाच न्या म्हणायचा. भावजींच्या पोटावर पाय नको, असं त्याचं म्हणणं. बहिणीच्या नवऱ्याला ते भावजी म्हणतात.

भावजींना मात्र झोप नव्हती. मेहुणा आपल्याला न विचारता मोठा झाला हे त्याला गिळवेना. त्यातून एकदा एक जुनं गिऱ्हाईक आमच्या काउंटरसमोर उभं राहून मोठ्याने म्हणालं, राव सार, तुमचा शिष्य तुमच्याही पुढे गेला हो. राव हसला. हात जोडले. त्या दिवशी त्याने पाच गिऱ्हाइकांना 'नाही' म्हटलं असेल, आणि एकाचीही चूक नव्हती.

शार्दूल आला तो या सगळ्यात. नाशिकचा पोरगा, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत, मध्ये काही वर्षं अमेरिकेत राहून आलेला. लग्न नाही, आईबाप लांब, हातात पगार खुळखुळतोय. घेतली लाल स्पोर्ट्‌स कार. दोन माणसांची, छप्पर मागे घडी होणारी. आता चेन्नईत छप्पर उघडून बसायचं म्हणजे डोकं भाजायचं, आणि पोट रस्त्याला टेकतंय अशी गाडी, प्रत्येक स्पीड ब्रेकरवर तिरकी घ्यायची. पण रविवारी पहाटे समुद्राकाठच्या रस्त्याने महाबलीपुरमला जायचा आणि सोमवारी माझ्या काउंटरला येऊन त्याच्या गोष्टी सांगायचा. मला ताई म्हणायचा. गोड पोरगं होतं. गोड पोरांचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

त्याला पाँडिचेरीला मित्रांबरोबर जायचं होतं, आणि गाडीची सर्व्हिसिंगची वेळ झालेली. आमच्याकडे नंबर लागेना. शिवाय आमच्या लोकांनी मागच्या वेळी गाडी धुताना दारावर ओरखडा काढला होता आणि तो आधीपासूनच होता असं रावने त्याला हळू आवाजात पटवलं होतं. तेव्हा तो कुणीतरी सांगितलं म्हणून विजयेंद्रकडे गेला. विजयेंद्रने नेहमीप्रमाणे हात जोडले. वॉरंटीतली गाडी मी घेत नाही, म्हणाला. मग शार्दूलला याचंही आडनाव रावच असल्याचं कळलं, कुंभकोणम कळलं, आणि त्याने मराठी सुरू केली. दादा, आपण मराठी माणसं, परक्या गावात एकमेकांना नाही बघायचं तर कुणी?

इथे फसतात ही माणसं. शेकडो वर्षं तिकडे राहिली, घरात जपून जपून ती भाषा बोलली, आणि महाराष्ट्रातून आलेलं कुणी त्यांना आपलं म्हणालं की पाघळतात. विजयेंद्र पाघळला. तेल आणि फिल्टर, एवढंच बदलायचं होतं. फिल्टर त्याने आमच्याच पार्ट्‌सच्या खिडकीवरून नेला, तेलही कंपनीचं. वरचं झाकण काढलं, पुन्हा बसवलं. इंजिनाच्या कोपऱ्यात, चांदीच्या रंगाच्या धातूवर, बारीकशी काळी रेघ ओढली आणि खाली लाल टिकली लावली. आपल्या माणसाची गाडी म्हणून त्याने मजुरीही घेतली नाही. हे मला शार्दूलनेच हसत सांगितलं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी गाडी ट्रकवर चढून आमच्याकडे आली. इंजिनाच्या आत एक साखळी असते, ती ताणून धरणारा एक पुर्जा असतो, तो तुटला आणि सगळं इंजिन आतल्या आत चेचलं. यात नवल काही नव्हतं. त्या मॉडेलच्या पहिल्या गाड्यांत तो पुर्जाच कच्चा आला होता. आमच्याकडेच आधी तसल्या दोन गाड्या आल्या होत्या आणि दोन्हींना कंपनीने गुपचूप नवं इंजिन दिलं होतं. दोन्ही वेळा तपासायला रावच होता. आमच्या जनरल मॅनेजरनेही तिसरी गाडी म्हणून तोंड वाकडं केलं आणि रावला सांगितलं, बघून घ्या आणि पाठवून द्या क्लेम. म्हणजे काम झालंच होतं.

रावने झाकण काढायला लावलं. वाकला. मी तेव्हा शार्दूलची सही घ्यायला कागद घेऊन तिथेच उभी होते. राव वाकला तो वाकलेलाच राहिला. मला वाटलं पाठ धरली. मग मीही डोकावले आणि मला ती रेघ दिसली, टिकली दिसली. अगदी तशीच रावच्या कपाळावर.

वर्कशॉपमधल्या दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळलं नसतं. मेकॅनिक पोरांना तो कसला तरी डाग वाटला. एकाने तर पुसायला फडकंही पुढे केलं. रावने त्याचा हात धरला. हळूच धरला, जसा पूजेच्या वेळी लहान मुलाचा धरतात. मग म्हणाला, फोटो काढायला माणूस बोलवा.

शार्दूलला वर केबिनमध्ये बसवलं. मीही होते, पाणी द्यायला. रावने त्याला फोटो दाखवला आणि बाहेरचा हात लागला म्हणून सांगितलं. वॉरंटी गेली. नवं इंजिन स्वतःच्या खर्चाने टाकायचं, आणि ते म्हणजे जवळजवळ दुसरी गाडीच. पोराचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, फक्त तेल बदललं हो. राव म्हणाला, तुम्हाला तसं वाटलं. तुम्ही तिथे उभे होता का सगळा वेळ? शार्दूल चहा प्यायला गेला होता. राव म्हणाला, बघा.

मग त्याने वाट दाखवली. तुम्ही निर्दोष आहात, फसवले गेलात, असं दिसलं तर कंपनी सहानुभूतीने विचार करील. तुम्ही एवढंच लिहून द्या, की या माणसाने तुम्हाला न विचारता साखळीकडचा भाग उघडला, आणि तेव्हापासून गाडी आवाज करत होती. खाली गॅरेजचं नाव.

मी मध्ये बोलले. मराठीत बोलले, मुद्दाम, म्हणजे दोघांनाही कळावं. शार्दूल, हे खोटं आहे, असल्या दोन गाड्या याच्या आधी आल्यात, तू भांड, तुला इंजिन असंच मिळेल. रावने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शार्दूल मला म्हणाला, "ताई, भांडण वर्षभर चालेल. गाडी तोवर अशीच पडून राहील." आणि सही केली. नीट वाचून केली. माझ्याकडचं पाणीही प्यायला.

त्याला महिन्याभरात नवं इंजिन मिळालं. फुकट.

राव तेवढ्यावर थांबला असता तर मीही म्हटलं असतं, जाऊ दे, जळका माणूस आहे. पण नाही. त्याने ते पत्र आणि तो फोटो मोठा करून घेतला, वर प्लास्टिक चढवलं, आणि गिऱ्हाइकं बसतात त्या हॉलमध्ये कॉफीच्या मशीनच्या वर लावला. अनधिकृत गॅरेजचे परिणाम, असं इंग्रजीत आणि तमिळमध्ये. गॅरेजचं नाव, गल्लीचं नाव. हॉलमध्ये येणारा प्रत्येक गाडीवाला कॉफी घेता घेता ते वाचायचा. मी तो फाडला. मला मेमो मिळाला आणि दुसऱ्या दिवशी तिथे नवा लागला, याला काच होती.

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? असल्या गाड्या शहरात होत्या किती, आणि सगळे मालक एकमेकांना ओळखणारे. विजयेंद्रच्या शेडमध्ये आधी गाड्या कमी झाल्या, मग एकही येईना. वॉरंटी संपलेलेही येईनात. एक जण तर अर्धं झालेलं काम तसंच ठेवून गाडी ओढून घेऊन गेला. विजयेंद्र आमच्या वर्कशॉपच्या फाटकावर आला, रखवालदाराने आत सोडलं नाही. त्याला कोणी सांगून ठेवलं असेल ते मी सांगायला नको.

मग तो घरी आला. द्वादशी होती. आदल्या दिवशी एकादशीचा कडक उपास, पाण्याचाही थेंब नाही, आणि द्वादशीला सूर्य उगवता उगवता पूजा करून जेवायचं, असा त्यांचा नेम. मी विरजण मागायला खाली गेले होते. राव पाटावर बसलेला, उघडा, अंगावर गोपीचंदनाचे ठसे, कपाळावर ताजी रेघ. कनकाक्का वाढत होती. विजयेंद्र दारात उभा राहिला. त्याच्या कपाळावरही तीच रेघ, तोही उपाशी. चप्पल काढून आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

त्याने शिवी दिली नाही. मला वाटलं होतं देईल. मी वाट बघत होते म्हणा ना. फडक्याची गोष्ट मीच त्याला सांगितली होती. तो म्हणाला, "भावजी, फडकं हातांत होतं. तुम्ही पुसून टाकलां असतां तर संपलां असतां."

रावने घास खाली ठेवला. त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं, आणि तुम्हाला सांगते, ते वाटलंही असेल, असल्या माणसांना वाटतं. तो म्हणाला, "देवाचां नाम तें. मी कसां पुसूं, विजया?"

कनकाक्काच्या हातातली पळी भाताच्या पातेल्यावरच थांबली. ती नवऱ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही बोलेल. आता तरी ही ती पळी फेकेल आणि त्या दगडापासून आजवरचं सगळं बाहेर काढेल. रावने तिच्याकडे न बघताच पानावर बोटाने जागा दाखवली. तिने वाढलं. मग रावने मेहुण्याला सांगितलं, बस, पारणं करून जा, उपाशी जाऊ नको, द्वादशीला उपाशी गेलेला घराला शाप असतो. आणि वर म्हणाला, गॅरेज चालत नसेल तर ये माझ्याकडे, गाड्या धुवायला माणूस हवाच आहे, मी साहेबांशी बोलतो.

विजयेंद्र उपाशीच गेला. जिन्यात मी त्याला गाठलं, माझ्याकडे चल, दोन घास खा म्हटलं. त्याने नुसती मान हलवली. मी परत आत आले तेव्हा राव दुसऱ्यांदा ताक मागत होता. माझा संताप संताप झाला. मी त्याला तोंडावर म्हटलं की तुम्ही माणूस मारलात. तो म्हणाला, शशिकला, कायदा सगळ्यांना सारखा, नातलग म्हणून सोडलं असतं तर तूच नाव ठेवलं असतंस. आणि संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं, की मेहुण्याने एवढं नाक कापलं तरी रावने त्याला घरात घेतलं, जेवायला बसवलं, नोकरी देऊ केली. देवमाणूस!

कनकाक्काला मी नंतर एकटी गाठून विचारलं. तुझा भाऊ, तुझ्या मांडीवर वाढलेला, आणि तू वाढत राहिलीस? ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती, डाव्या हाताने. तिने मला विचारलं, मी कुठे जाऊं? एवढंच. मी बादलीतले कपडे झटकून एकेक तिच्या हातात देत राहिले.

गॅरेज गेलं. शेड कुणीतरी दुचाकी धुवायला घेतली. विजयेंद्र रावकडे गाड्या धुवायला गेला नाही, तेवढी त्याची मान ताठ राहिली. त्याने श्रीपेरुंबुदूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून नोकरी धरली. अशोक पिलरपाशी कंपनीची बस येते, तिथे शिफ्टच्या रांगेत कधी कधी दिसायचा, निळा शर्ट, छातीवर कार्ड. बायको-मुलीला त्याने कुंभकोणमला पाठवलं. मला बघितलं की हात वर करायचा. नंतर नंतर तेही नाही.

दोनएक वर्षं झाली असतील. एका सकाळी शार्दूल माझ्या काउंटरला आला. थोडा सुटला होता, बोटात साखरपुड्याची अंगठी. पेढे घेऊन आला होता. ताई, कशा आहात, वगैरे झालं. मग जरा पुढे वाकला, आवाज कमी केला, आणि हसून विचारलं, "ताई, तो विजयेंद्र कुठे असतो हल्ली? मी गल्लीत जाऊन आलो, शेड बंद दिसली. माझी वॉरंटी संपली ना आता. इथले दर कुणाला परवडतात?"

मला आधी कळलंच नाही. मग वाटलं थट्टा करतोय. त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. थट्टा नव्हती. तो माणूस अगदी मनापासून विचारत होता. मी म्हटलं, तू काय लिहून दिलं होतंस ते आठवतं का तुला? कॉफीच्या मशीनच्या वर आहे अजून, जाऊन वाच. तो जरा ओशाळला. म्हणाला, अहो ती फॉर्मॅलिटी होती, ताई, त्या वेळी वॉरंटीचा प्रश्न होता, त्यालाही कळलं असेल. त्याच्यावर माझा काही राग नाही.

त्याच्यावर याचा राग नाही! माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. तो मी त्याच्या अंगावर फेकला असता, पण मागून राव आला. केस पार पिकलेत आता, चालणं तेच, हात मागे बांधून. त्याने सगळं ऐकलं होतं. शार्दूलकडे बघून तो प्रेमाने हसला, लग्नाचं विचारलं, मुलगी कुठली ते विचारलं.

मग म्हणाला, "विजयेंद्र आतां इंजिनाला हात लावत नाही. कारखान्यांत दारांना रबर लावतो. दिवसभर तेंच."

"अरेरे," शार्दूल म्हणाला. "हात चांगला होता हो त्याचा."

"फार चांगला," राव म्हणाला. "मीच शिकवलां."

दोघंही मान खाली घालून उभे राहिले, कुणी गेल्यावर राहतात तसे. मग शार्दूलने घड्याळ बघितलं, सुस्कारा सोडला आणि गाडीची किल्ली माझ्या काउंटरवर ठेवली. सर्व्हिसिंगला घालून टाका म्हणाला, आता दुसरं कोण आहे. आणि हॉलमध्ये जाऊन कॉफी घेतली.